प्रशिक्षक उतरतो तेव्हा

विमान चालवायला शिकणारा विद्यार्थी पहिल्यांदा एकटा आकाशात केव्हा जातो? परवाना मिळाल्यावर, असे तुम्ही म्हणाल. पण तसे नाही. एकट्याने उडाल्याशिवाय परवानाच मिळत नाही!

अमेरिकेचे उदाहरण घेऊ. तेथे 2004 साली हलक्या विमानांसाठी ‘स्पोर्ट पायलट’ हा परवाना सुरू झाला. त्यासाठी किमान 20 तासांचे उड्डाण लागते. त्यांपैकी 5 तास एकट्याने. त्यापुढच्या खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी 40 तास. त्यांपैकी 10 एकट्याने. विमानात एकटे बसण्यासाठी विद्यार्थ्याचे वय 16 पूर्ण असावे लागते, म्हणजे जवळजवळ तुमच्याएवढेच.

पण त्याला एकटे सोडायचे केव्हा? ते प्रशिक्षक ठरवतो आणि विद्यार्थ्याच्या उड्डाणवहीत तशी नोंद करून सही करतो. त्याआधी तो लेखी परीक्षा घेतो आणि चुकलेली उत्तरे समजावून देतो. इंजिन बंद पडले तर काय करायचे, उतरणे नीट जमत नसेल तर पुन्हा वर कसे जायचे, याचा सराव करून घेतो. ही सही त्याच प्रकारच्या विमानापुरती आणि 90 दिवसांपुरतीच चालते.

एवढी काळजी का? शेजारी सावरणारे कोणी नसते, हे एक कारण. दुसरे कारण भौतिकशास्त्रातले आहे.

समजा, इंधन आणि दोन माणसे धरून विमानाचे वस्तुमान 600 किलोग्रॅम आहे. 78 किलोग्रॅमचा प्रशिक्षक उतरला, की 522 किलोग्रॅम, म्हणजे 87 टक्के उरले. पंखांवरचे वर उचलणारे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून विमान हवेत राहण्यासाठी लागणारा किमान वेग √0.87, म्हणजे सुमारे 0.93 पट होतो. पूर्वी तो ताशी 80 किलोमीटर असेल, तर आता 75 पुरतो. इंजिनाची शक्ती मात्र तेवढीच. त्यामुळे विमान निदान 15 टक्के अधिक वेगाने वर चढते. उतरताना सवयीचाच वेग ठेवला, तर ते चटकन टेकत नाही; धावपट्टीवरून तरंगत पुढे जाते.

गंमत पाहा! प्रशिक्षक शेजारी असेपर्यंत या हलक्या विमानाचा अनुभव घेताच येत नाही. तो पहिल्यांदा येतो एकटेपणीच. तेव्हा उपयोगी पडते ते आधी समजून घेतलेले तत्त्व.

प्रशिक्षक 60 किलोग्रॅमचा असता, तर किमान वेग किती झाला असता? वहीत गणित करून पाहा.