जीपगाडीचें अस्तर

मोटारगाडीचा वरचा रंग लोक रोज पुसतात. पण जेथें पाय ठेवावयाचा त्या तळाच्या पत्र्याकडे, चटई उचलून, वर्षांतून एकदांहि कोणी पाहत नाहीं. साध्या मोटारींत हें एक वेळ चालून जातें. जीपगाडींत चालत नाहीं. तिचें छप्पर बहुधा कापडी असतें, दारेंहि कित्येकदां कापडी. ओढा ओलांडतांना पाणी आंत येतें, चिखलानें भरलेले बूट आंत येतात, आणि मागच्या भागांत आंब्याच्या पेट्यांपासून जांभ्याच्या चिऱ्यांपर्यंत वाटेल तें ओढलें जातें. या घर्षणानें रंग जातो, आणि रंग गेला कीं पत्रा जाण्यास फार वेळ लागत नाहीं. यावर आज जो उपाय प्रचारांत आहे, तो म्हणजे गाडीच्या अंतर्भागास रोलरनें रबरासारखें जाड अस्तर देणें. (रंगारी ज्यास अस्तर म्हणतात तो रंगाखालचा पहिला हात, तें निराळें. त्यास येथें प्रायमर म्हटलें आहे.) हें काम घरच्या घरीं करतां येतें. मात्र तें फसतेंहि घरच्या घरींच, आणि फसल्याचें कळण्यास दोन-तीन वर्षें लागतात. म्हणून हा लेखनप्रपंच.

जीप ही मूळची लष्करी गाडी. १९४० सालीं अमेरिकन सैन्यानें पाव टन ओझें वाहणारी हलकी गाडी मागविली, आणि १९४१ ते १९४५ या काळांत विलिस व फोर्ड या दोन कारखान्यांनीं मिळून अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. आपल्याकडे महिंद्रा कंपनीनें १९४७ सालीं मुंबईंत विलिस जीपची जुळणी सुरू केली, आणि पुढें सह्याद्रीच्या घाटांतून व कोंकणच्या कच्च्या रस्त्यांवरून ही गाडी घरोघर परिचित झाली. तिच्या रचनाकारांनीं एक गोष्ट आरंभींच ओळखली होती. उघड्या गाडींत पाणी येणारच. म्हणून तें अडविण्याच्या भरीस न पडतां तें बाहेर काढून देण्यासाठीं त्यांनीं तळास छिद्रें ठेविलीं. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

आमच्या काकांची एक जुनी जीप दापोली तालुक्यांत समुद्रकांठच्या एका गांवीं आहे. तिला पहिलें अस्तर आम्हींच दिलें. मे महिना संपत आला होता, आकाशांत ढग जमूं लागले होते, आणि पाऊस पडण्यापूर्वीं काम उरकावयाचें होतें. गाडी केरसुणीनें झाडली, ओल्या फडक्यानें पुसली, आणि जुना रंग व त्यावरील गंजाचे डाग यांच्यावरूनच रोलर फिरविला. दोन तासांत गाडी आंतून नवी दिसूं लागली. गांवांतील चार माणसें पाहून गेलीं, काकांनीं सर्वांस चहा पाजला. तिसरा पावसाळा संपल्यावर काका सहज म्हणाले, “टांचेखालीं जरा मऊ लागतें रे!” आम्हीं चाकूनें अस्तराची कड उचलली, तों तें केळीच्या सोपटासारखें हातांत आलें. खालीं पत्रा नव्हताच. ओलसर तांबडा भुगा होता. ब्रेक दाबतांना चालकाची टांच जेथें टेकते, नेमकी तीच जागा. महिन्यापूर्वींच काका ती गाडी घेऊन आंबेनळी घाटानें महाबळेश्वरास जाऊन आले होते. घरांतील बायकांना आम्हीं हें बरेच दिवस सांगितलें नाहीं.

असें कां झालें? लोखंड, पाणी आणि हवेंतील प्राणवायु हीं तिन्हीं एकत्र आलीं कीं गंज धरतो. त्यांत मीठ मिसळलें तर तो फार झपाट्यानें वाढतो, कारण गंज चढत असतां धातूच्या पृष्ठावर जे सूक्ष्म विद्युत्प्रवाह वाहतात त्यांना खाऱ्या पाण्यांतून वाट सुलभ होते. शिवाय गंजलेलें लोखंड मूळच्या लोखंडापेक्षां पुष्कळ अधिक जागा व्यापतें. म्हणून गंजावर दिलेला लेप खालून फुगतो, त्याची पकड सुटते, आणि मध्यें जी फट पडते तींत पाणी शिरतें. उघड्या पत्र्यावरचें पाणी उन्हानें वाळून तरी जातें. अस्तराखालचें पाणी वाळत नाहीं. अस्तर हें बाहेरच्या आघातापासून रक्षण करतें. आंत शिरलेल्या रोगावर तें औषध नव्हे, पांघरूण आहे. आणि पांघरूण जितकें जाड, तितका रोग उशिरां दिसतो.

आतां या पदार्थाविषयीं थोडें. पॉलियुरेथेन नांवाचें हें द्रव्य ओटो बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या हाताखालीं १९३७ सालीं प्रथम तयार झालें. गाडीसाठीं विकत मिळणाऱ्या अस्तरांपैकीं कित्येकांत रबराचे बारीक कण मिसळलेले असतात, त्यामुळें पृष्ठ खरखरीत होऊन पाय घसरत नाहीं. त्याचे मुख्य प्रकार दोन. एका प्रकारांत डबा एकच असतो, आणि त्यांतील द्रव्य हवेंतील दमटपणा शोषून घट्ट होतें. दुसऱ्यांत द्रव्य व घट्टक असे दोन भाग निरनिराळे असून ऐन वेळीं मिसळावे लागतात. ‘रॅप्टर’ नांवाचें जें अस्तर प्रसिद्ध आहे, त्यांत हें प्रमाण तीनास एक असें आहे. मिसळल्यानंतर घड्याळाकडे पाहत काम करावें लागतें, कारण उरलेलें द्रव्य भांड्यांतच दगड होतें. पहिल्या प्रकारास ही घाई नाहीं. परंतु त्याची पाण्याशीं प्रक्रिया होतांना कर्बद्विप्राणिद वायु सुटतो, आणि थर फार जाड असला अथवा हवा फार दमट असली तर तोच वायु बुडबुडे होऊन अस्तरांत अडकतो. कोंकणांत हें काम दिवाळीनंतर व शिमग्याच्या आंत करावें असें मीं म्हणतों, तें यासाठींच. त्या दिवसांतहि पहांटे पत्र्यावर दंव धरतें. म्हणून सकाळीं दहा वाजून पत्रा उन्हानें कोमट झाल्यावांचून डबा उघडूं नये.

किती डबे आणावे, हें शाळेंतील गणितानें काढतां येतें. एक लिटर द्रव एक चौरस मीटर जागेवर सारखा पसरला तर त्याचा थर एक मिलिमीटर जाड होतो. समजा, तळ, चाकांवरचे उंचवटे व बाजूंचे खालचे भाग मिळून मोजणी पांच चौरस मीटर भरली, आणि ओल्या स्थितींत अर्ध्या मिलिमीटरचे दोन थर द्यावयाचे आहेत. तर पांच लिटर द्रव लागेल. यांतील उडून जाणारा भाग वजा जाऊन सुकलेलें अस्तर याहून पातळ होणार. मोजणी करतांना उंचवट्यांच्या उभ्या बाजू विसरूं नयेत; आम्ही विसरलों होतों.

दुसऱ्या वेळीं आम्हीं आठ दिवस घेतले, आणि त्यांपैकीं सात दिवस अस्तराच्या डब्यास हात लावला नाहीं. प्रथम आसनें, चटया, पट्टे, सर्व काढलें. पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या विलिस जीपमध्यें इंधनाची टाकी चालकाच्या आसनाखालींच असते. ज्यांना पत्र्यास ठिगळ लावावयाचें आहे त्यांनीं ती टाकी आधीं उतरवून दूर नेलीच पाहिजे. रिकामी टाकी भरलेल्या टाकीइतकीच, किंबहुना अधिक, धोक्याची असते, कारण तींत पेट्रोलची वाफ राहते. हें काम आम्हीं केलें नाहीं. गॅरेजमधील कसलेल्या वेल्डरकडे दिलें. त्यानें लहान हातोडीनें सगळा तळ ठोकून पाहिला. जेथें आवाज खणखणीत तेथें पत्रा शाबूत. जेथें भद्द वाजलें तेथें त्यानें खडूनें वर्तुळ काढलें. अशीं अकरा वर्तुळें झालीं. तेवढा पत्रा कापून नवीं ठिगळें बसविलीं.

त्यानंतर धुणें. येथें क्रम महत्त्वाचा आहे. पुष्कळ लोक आधीं घासतात व मग धुतात. तसें केल्यानें तेल व वंगण काचकागदाच्या ओरखड्यांत अधिकच खोल बसतें. आधीं साबणाच्या पाण्यानें दोनदां धुऊन, गाडी पूर्ण वाळूं देऊन, मग थिनरनें पुसावें. फडकें वरचेवर बदलावें, नाहींतर एका कोपऱ्यांतील तेल दुसऱ्या कोपऱ्यांत नेल्याचें श्रेय तेवढें मिळतें. मग तारेच्या ब्रशानें सुटा गंज व पोपडे काढावे, आणि ऐंशी नंबरच्या काचकागदानें (कारागीर त्यास पॉलिश पेपर म्हणतात) सर्व पृष्ठ, चांगला टिकलेला जुना रंगसुद्धां, चकाकी जाईपर्यंत घासावें. गुळगुळीत रंगावर अस्तर बसतें, पण धरत नाहीं. खोल खांचांत जो गंज उरतो त्यास फॉस्फरिक आम्लाचा गंजनाशक लावतात. त्याच्या योगानें लोखंडाचें फॉस्फेट तयार होऊन गंजाची वाढ थांबते. त्याचा अवशेष डब्यावर सांगितल्याप्रमाणें धुऊन अगर पुसून काढावा. पुन्हां धूळ झाडून, पुन्हां थिनरनें पुसून, उघड्या पडलेल्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर द्यावा. या कामांत अंगावर इतकी तांबडी धूळ बसते कीं ओळखीचा माणूसहि ओळख देत नाहीं. पण नाकावर चांगला मास्क व डोळ्यांवर चष्मा असल्यावांचून तारेचा ब्रश हातीं धरूं नये.

मग झांकाझांक. ज्या भोंकांत आसनांचे व सुरक्षापट्ट्यांचे बोल्ट फिरावयाचे त्यांत जुने बोल्ट वा मेणाचे बोळे बसवावे, कारण आट्यांत शिरलेलें अस्तर मागाहून काढणें म्हणजे दांत उपटणें होय. पेडलांचे सांधे, विजेची भूमि-तार जेथें पत्र्यास भिडते ती जागा, आणि गाडीचा क्रमांक असलेली पट्टी हीं मास्किंग टेपनें झांकावीं. ती पट्टी बुजली तर गाडीची तपासणी करणारा अधिकारी आपलें कौशल्य पाहून खूष होईल, असें समजूं नये. आणि आरंभीं सांगितलेलीं तळाचीं छिद्रें! पहिल्या वेळीं आम्हीं तीं अस्तरानें बंद करून टाकलीं होतीं, आणि पाण्याचा थेंबहि आंतून बाहेर जात नाहीं म्हणून आनंद मानला होता. या खेपेस प्रत्येक छिद्राची कड कुंचल्यानें आंतपर्यंत रंगविली व छिद्र मोकळें राखलें.

प्रत्यक्ष लेपन याहून सोपें आहे. डबा तळापासून ढवळावा आणि काम चालू असतां वरचेवर ढवळीत राहावें, कारण रबराचे कण खालीं बसतात व वरचें पातळ द्रव्यच रोलरला लागतें. प्रथम कोपरे, शिवणी व ठिगळांच्या कडा कुंचल्यानें घ्याव्या. नंतर खरखरीत रोलरनें पुढून मागें काम करीत यावें, म्हणजे शेवटीं आपण गाडीबाहेर निघतों. एक जण मागून पुढें करीत गेला होता, त्याचें नांव सांगत नाहीं. पहिला थर पातळ द्यावा; खालचा प्रायमर थोडा दिसला तरी हरकत नाहीं. तो ओला न राहतां किंचित् चिकट असतांनाच, डब्यावर सांगितलेल्या मुदतींत, दुसरा थर आडव्या दिशेनें द्यावा. पूर्ण घट्ट झालेल्या थरावर नवा थर नीट धरत नाहीं. मुदत टळली तर पुन्हां घासावें लागतें. टेप मात्र अस्तर ओलें असतांनाच काढावी, नाहींतर तिच्याबरोबर कडाहि उचलून येतात.

या द्रव्यांत आयसोसायनेट वर्गाचे पदार्थ असतात. १९८४ सालीं भोपाळांत ज्या वायूनें हजारों माणसें मेलीं, तो मिथाइल आयसोसायनेट याच कुळांतला. अस्तरांतील पदार्थ त्याच्यासारखे झटकन् उडून जाणारे नसतात, म्हणून भय धरण्याचें कारण नाहीं. परंतु त्यांच्या वाफेनें दमा जडतो व एकदां जडला कीं पुढें थोड्याशा वाफेनेंहि उसळतो, हें वैद्यकास माहीत आहे. म्हणून काम उघड्या मांडवांत, सेंद्रिय वाफा शोषणारा मास्क व हातमोजे घालून करावें, आणि ज्याला दम्याचा विकार आहे त्यानें जवळ येऊंच नये. साधें फडकें नाकास बांधल्यानें धूळ थोडी अडते, वाफ मुळींच नाहीं. हातास लागलेलें अस्तर सुकल्यावर साबणानें जात नाहीं. कातडीबरोबर झडून जाईपर्यंत तें मिरवावें लागतें.

साधारणतः एका दिवसानंतर अस्तरावर चालतां येतें. जड सामान चढविण्यास मात्र कांहीं दिवस थांबणें बरें. काळें अस्तर उन्हांत फार तापतें, उघड्या गाडींत अनवाणी पाय ठेवणाऱ्यास हें तत्काळ कळतें; आणि कांहीं अस्तरें उन्हानें पांढुरकीं पडतात. गाडीचा खडखडाट मात्र थोडा कमी होतो. पुढें कधीं तें काढावयाचें झालें तर उष्ण हवेचें यंत्र, खरवडणी व पुष्कळ संयम यांवांचून मार्ग नाहीं. म्हणून ज्याला आपल्या पत्र्याची खात्री नाहीं त्यानें तूर्त साधा रंग द्यावा व सुटी रबरी चटई अंथरावी. ती उचलून खालीं पाहतां तरी येतें.

काकांच्या गाडीस दुसरें अस्तर देऊन आतां पांच पावसाळे झाले. मागच्या बाजूस पेट्या ओढून दोन ठिकाणीं तें फाटलें होतें. तेवढाच भाग घासून, प्रायमर देऊन पुन्हां जोडला. दर पावसाळ्याच्या अखेरीस काका मला हातोडी देतात, आणि मी चालकाच्या टांचेच्या जागेपासून आरंभ करून सगळा तळ वाजवीत मागें जातों. यंदा एकाच ठिकाणीं, उजव्या चाकावरील उंचवट्याच्या मुळाशीं, आवाज जरा बसका वाटला. तेथें खडूनें वर्तुळ काढून ठेविलें आहे. दिवाळीच्या सुटींत तें उघडून पाहावयाचें आहे.