मुंबईचा मुक्काम : भाडे पाहावे की पत्ता?

इतवारीतील कुटुंबांचे मुंबईला जाणे हे केवळ सहलीपुरते कधीच नव्हते. कापडाचे व्यापारी मूळजी जेठा आणि मंगलदास मार्केटला जातात, सराफ्यातील मंडळी झवेरी बाजार गाठतात, कोणाला मुलीच्या लग्नाची खरेदी असते, तर कोणाला घरच्या रुग्णाला परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात दाखवायचे असते. रेल्वेचे आरक्षण दोन महिने आधी होते. मुक्कामाचा विचार मात्र पुष्कळदा गाडी कल्याण ओलांडू लागल्यावर सुरू होतो. मग स्थानकाबाहेर जो पहिला भेटेल त्याच्या मागे जावे लागते. प्रवासखर्चात सर्वांत मोठी रक्कम ज्या बाबीवर जाते, तिच्यावर सर्वांत कमी विचार व्हावा, हे व्यापारी वस्तीला शोभणारे नाही.

समाजाची जुनी सोय

परगावच्या माणसाला मुंबईत निवारा मिळावा, ही चिंता समाजातील धुरीणांनी शतकापूर्वीच वाहिली होती. मूळचे सुरतेचे आणि मुंबईत जवाहिराच्या व्यापारात नावलौकिक मिळवलेले दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सी. पी. टँक येथे हिराबाग धर्मशाळा उभारली आणि तिला वडिलांचे नाव दिले. विद्यार्थ्यांसाठी त्यांनी ठिकठिकाणी जैन बोर्डिंगे काढली. १९०२ साली स्थापन झालेल्या भारतवर्षीय दिगंबर जैन तीर्थक्षेत्र कमिटीचे कार्यालय हिराबागेतच आहे, आणि पंडित नाथूराम प्रेमी यांचे हिंदी ग्रंथरत्नाकर कार्यालयही तेथूनच चालत असे. म्हणजे ही वास्तू केवळ पथिकाश्रम नव्हती. समाजाच्या विद्येचे आणि संघटनेचे ते एक केंद्र होते.

धर्मशाळेचा पर्याय म्हणूनच प्रथम विचारात घ्यावा. मात्र तेथे जागा मिळेलच असे गृहीत धरू नये. दूरध्वनी करून खोली उपलब्ध आहे काय, किती दिवस राहता येते, ओळखपत्रे कोणाकोणाची लागतात आणि रात्री दरवाजा किती वाजता बंद होतो, हे आधी विचारावे. धर्मशाळेत सेवेची अपेक्षा हॉटेलसारखी ठेवू नये आणि शिस्त मात्र घरासारखी पाळावी. समाजाच्या दानावर चालणाऱ्या वास्तूचा तो मान आहे.

भाड्याचा खरा हिशेब

हॉटेल निवडताना बहुतेक जण एकच आकडा पाहतात, तो म्हणजे खोलीचे भाडे. खरा आकडा भाडे, कर, रोजची ये-जा आणि बाहेरचे जेवण यांची बेरीज केल्यावर हाती येतो.

समजा, चौघांच्या कुटुंबाचे काम तीन दिवस काळबादेवी परिसरात आहे. दूरच्या उपनगरात खोली रोज २,००० रुपयांना मिळते आणि काळबादेवीत २,८०० रुपयांना. तीन दिवसांचा फरक २,४०० रुपये; ५ टक्के कर धरून २,५२०. आता वृद्ध आई बरोबर आहे, गर्दीच्या लोकलमध्ये चढणे तिला शक्य नाही, म्हणून टॅक्सी करावी लागली आणि जाण्या-येण्याचे रोज १,००० रुपये पडले, तर तीन दिवसांचे ३,००० झाले. स्वस्त वाटलेली खोली ४८० रुपयांनी महाग पडली, शिवाय रोजचे दोन-तीन तास रस्त्यात गेले ते निराळेच. याउलट काम अंधेरी किंवा बोरिवलीला असेल, तर हाच हिशेब उलटा होतो. म्हणून आधी कामाचा पत्ता ठरवावा, मग मुक्कामाचा.

वेळेचाही हिशेब असतो. नागपूरहून संध्याकाळी वा रात्री सुटणाऱ्या गाड्या मुंबईला सकाळी पोचतात. बहुतेक हॉटेलांत खोली दुपारी बारा किंवा त्यानंतर मिळते. सकाळी सातला हवी असल्यास कधी जादा रक्कम, कधी आदल्या रात्रीचे पूर्ण भाडे मागितले जाते. काही लॉजमध्ये अजून चोवीस तासांची पद्धत आहे. सकाळी सातला उतरून दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या गाडीने परतणाऱ्यांना ती सोयीची, कारण दोन दिवसांच्या भाड्यात गाडीच्या वेळेपर्यंत खोली राहते.

परिसर आणि इमारत

काळबादेवी, भुलेश्वर, गिरगाव या पट्ट्यात शाकाहारी भोजनालये, बाजारपेठा आणि जैन मंदिरे पायी अंतरावर आहेत. पायधुणीचे गोडीजी पार्श्वनाथ मंदिर याच भागात आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो ३ ची मार्गिका कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली. काळबादेवी आणि गिरगाव ही तिच्यावरील स्थानके असल्याने तेथून दादर, वांद्रे-कुर्ला संकुल आणि विमानतळ थेट जोडले गेले आहेत. हिऱ्यांच्या व्यवहारासाठी भारत डायमंड बोर्सला जाणाऱ्यांना आता उपनगरातच उतरण्याची गरज उरलेली नाही.

या भागातील इमारती मात्र जुन्या आहेत. उद्वाहन आहे काय, खोली कितव्या मजल्यावर आहे, खिडकी आहे काय, हे विचारल्याशिवाय ज्येष्ठांसाठी खोली घेऊ नये.

आहार आणि नित्यनियम

फलकावरील ‘जैन’ या शब्दाचा अर्थ सर्वत्र सारखा नसतो. काही ठिकाणी त्यात केवळ कांदा-लसूण वगळलेले असते, बटाटा तसाच राहतो. भाड्यात सकाळचा नाश्ता धरलेला असेल, तर अंडी त्याच टेबलावर मांडली जातात काय आणि स्वयंपाकघर एकच आहे काय, हे स्पष्ट विचारावे. जो नाश्ता खाता येणार नाही, त्याचे पैसे भाड्यातून देण्यात अर्थ नाही. उकळलेल्या पाण्याची सोय, सूर्यास्तापूर्वी जेवण मिळणे आणि सकाळी चालत देवदर्शनाला जाता येणे, या तीन गोष्टी जेथे जुळतात तेथे थोडे जास्त भाडेही परवडते.

एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवावी. मुंबई नागपूरच्या पश्चिमेस असल्याने तेथे सूर्योदय आणि सूर्यास्त साधारण पंचवीस मिनिटे उशिरा होतात. संध्याकाळी चौविहाराला थोडा अधिक अवकाश मिळतो. पण नवकारशीची वेळही तितकीच पुढे जाते. पच्चक्खाण मुंबईच्या सूर्योदयाप्रमाणे करावे.

कर आणि पावती

२२ सप्टेंबर २०२५ पासून रोज ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. त्यावरील भाड्याला १८ टक्के आहे. सांगितलेल्या भाड्यात कर धरला आहे काय, हे आधीच ठरवून घ्यावे. भोजनाच्या बिलात सेवाशुल्क आपोआप लावता येत नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. अडचण आल्यास १९१५ या ग्राहक मदतवाहिनीवर तक्रार नोंदवता येते.

नोंदणीकृत व्यापाऱ्याने दुकानाच्या कामासाठी मुक्काम केला असेल, तर पावतीवर आपला जीएसटी क्रमांक घालून घ्यावा. मुंबई महाराष्ट्रातच असल्याने त्या कराचे क्रेडिट नागपूरच्या पेढीला मिळू शकते. सुरत किंवा दिल्लीच्या मुक्कामावर तेथील राज्याचा कर लागतो, म्हणून ते क्रेडिट मिळत नाही. खरेदीच्या फेऱ्या वारंवार करणाऱ्यांसाठी ही रक्कम वर्षअखेर लहान राहत नाही.

आगाऊ रक्कम देताना

हॉटेलांच्या आणि यात्रेकरू निवासांच्या नावाने बनावट संकेतस्थळे काढून आगाऊ रक्कम उकळली जाते, असा इशारा केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये दिला. शोधात सर्वांत वर दिसणारा क्रमांक खरा असतोच असे नाही. संस्थेचा क्रमांक तेथे राहून आलेल्या परिचितांकडून घ्यावा. संस्थेऐवजी एखाद्या व्यक्तीच्या खात्यात पैसे मागितले, तर थांबावे. फसवणूक झालीच, तर लाजेने गप्प न बसता तत्काळ १९३० वर कळवावे. पहिल्या काही तासांत कळवले तर रक्कम रोखली जाण्याची शक्यता अधिक असते.

रुग्णासोबत जाताना

उपचारासाठीचा मुक्काम दिवसांत मोजता येत नाही. तो आठवड्यांवर जातो, आणि तेथे हॉटेलचे भाडे औषधाच्या पैशांत हात घालू लागते. अशा कुटुंबांनी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाकडे निवासाची चौकशी पहिल्याच दिवशी करावी. विदर्भाचे सुपुत्र संत गाडगे महाराज यांच्या नावाने दादरला चालणारी धर्मशाळा बाहेरगावच्या कर्करुग्णांसाठी मोठा आधार आहे. येथे रुग्णालयाचे अंतर, स्वच्छता आणि पथ्याचे अन्न शिजवण्याची सोय या क्रमाने विचार करावा. भाडे चौथ्या स्थानी.

परवारपुरा असो वा लाडपुरा, प्रत्येक मोहल्ल्यात गेल्या वर्षभरात मुंबईला जाऊन आलेली दहा-वीस कुटुंबे सहज सापडतील. कोठे राहिलात, किती पडले, जेवण कसे होते, एवढे मंदिराच्या कार्यालयातील एका वहीत लिहून ठेवण्याची पद्धत पडली, तर घाईने निघावे लागणाऱ्या पुढच्या कुटुंबाला रात्री अकरा वाजता अनोळखी माणसावर विसंबावे लागणार नाही.