फोनच्या स्पीकरमधून हरवलेला बेस

आज पुन्हा बीरगावच्या आमच्या गच्चीवरून बोलतोय. मागे जो घरघराट ऐकू येतोय तो पंख्याचा नाही. तो उरला औद्योगिक भागाचा आहे आणि तो रात्रीही थांबत नाही. मधेच उरकुऱ्याकडून मालगाडी गेली तर मी थांबेन, तुम्हीही थांबा.

आजचा विषय बरेच जण विचारतात तो. एका छोट्या सामुदायिक रेडिओ केंद्रासाठी मी दर आठवड्याला एक नवा अल्बम ऐकतो आणि त्यावर दहा मिनिटांचं टिपण मराठीत बोलून पाठवतो. कधी जाझ, कधी ब्लूज, कधी ज्याला वर्ल्ड म्युझिक म्हणतात ते. हे टिपण कसं तयार होतं, ते सांगतो. आधीच सांगून ठेवतो, की या बोलण्यात गाणं वाजणार नाही. इथली आवाज ओळखणारी यंत्रणा दहा सेकंदांचा तुकडाही पकडते आणि मग सगळा भागच अडकून पडतो. रेडिओवर तशी अडचण येत नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम ५२ मध्ये समीक्षेसाठी योग्य प्रमाणात वापर करायला वाव आहे, म्हणून बोलता बोलता छोटा तुकडा ऐकवता येतो. पूर्ण गाणं वाजवायचं तर परवाना हवा, ते केंद्राचं काम.

सामुदायिक रेडिओ म्हणजे काय, हे थोडक्यात. २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना परवानगी मिळाली, २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांनाही. प्रक्षेपणाची ताकद साधारण शंभर वॅट, म्हणजे गाव आणि भोवतालची पाच-दहा किलोमीटरची टापू. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. निम्मा तरी कार्यक्रम स्थानिक लोकांनी केलेला असावा लागतो. साताऱ्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी आहे, पुण्यात विद्यापीठाची विद्यावाणी आहे. तुमच्यापैकी कोणी ऐकलं असेल.

आता अशा ठिकाणी जाझ कशाला? हा प्रश्न मला केंद्राच्या बैठकीत विचारला गेला आणि तो रास्त होता. पिकांवरची कीड, शाळेची गळती, बायकांच्या बचतगटाचा हिशेब, या सगळ्यांना वेळ कमी पडत असताना दहा मिनिटं सॅक्सोफोनला का द्यायची? मला आठ भाग दिले गेले. आठ भागांत कोणी ऐकणारा उभा राहिला तर पुढे चालू, नाहीतर बंद. आणि तिसऱ्याच भागात मी माती खाल्ली.

अल्बम जाझच्या त्रिकुटाचा होता: पियानो, बेस, ड्रम. नाव सांगत नाही, कारण चूक त्यांची नव्हती. मी बोललो, 'पियानो सुंदर आहे, पण बेसवाला नुसता उभा आहे, त्याचं अस्तित्व जाणवत नाही.' भाग प्रसारित झाला. दुसऱ्या दिवशी केंद्रातल्या ध्वनिमुद्रण बघणाऱ्या मुलाचा फोन. 'दादा, तुम्ही कशावर ऐकता?' मी म्हटलं, फोनवर. 'हेडफोन लावून?' नाही, असाच, टेबलावर ठेवून. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. म्हणाला, 'एकदा हेडफोन लावून ऐका, मग बोलू.'

ऐकलं. बेसवाला अल्बमभर बोलत होता. पियानोवाला त्याला उत्तर देत होता. मी निम्माच संवाद ऐकला होता आणि त्यावर निकाल देऊन बसलो होतो.

याचं कारण साधं आहे. डबल बेस हे माणसाच्या उंचीपेक्षा मोठं तंतुवाद्य. त्याची सगळ्यात जाड तार साधारण ४१ हर्ट्झला वाजते. फोनचा स्पीकर नखाएवढा. दोन-चारशे हर्ट्झच्या खालचं तो जवळजवळ ढकलूच शकत नाही. बेसच्या स्वरात वरचे उपस्वर असतात, ते येतात आणि आपला मेंदू त्यावरून थोडीफार भर घालतो, म्हणून बेस अगदीच नाहीसा होत नाही; पण त्याचं वजन जातं, चाल जाते.

आता, बेस गेला तर एवढं काय बिघडलं? इथे जरा थांबतो, कारण जाझ परकं वाटण्याचं निम्मं कारण मला इथेच सापडलं.

तबल्याचं एकल वादन ऐकलंय ना? शेजारी हार्मोनियम किंवा सारंगीवर लेहरा चालू असतो. तीच ओळ, पुन्हा पुन्हा. कंटाळवाणी वाटते, पण ती बंद केली तर सामान्य श्रोता दोन मिनिटांत हरवेल. तबलजी तिहाई घेऊन समेवर आला, हे आपल्याला कळतं कारण लेहरा सांगत असतो आपण आवर्तनात कुठे आहोत ते. जाझमध्येही आवर्तन असतं. बहुतेक जुन्या चालींचं ३२ मापांचं, ब्लूजचं १२ मापांचं. गाणं एकदा सरळ वाजवतात, मग त्याच आवर्तनावर एकेकजण आपली बढत करतो. आणि आवर्तनात आपण कुठे आहोत, हे सगळ्यात सरळपणे सांगतो तो बेस. म्हणजे मी लेहरा बंद करून तबला ऐकला आणि म्हटलं, की लेहरेवाला दिसत नाही!

फरकही आहे आणि तो सांगितलाच पाहिजे. आपलं आवर्तन मात्रांचं. खाली तानपुरा एकाच षड्जावर उभा असतो, हलत नाही. जाझचं आवर्तन स्वरसमूहांचं, म्हणजे कॉर्ड्सचं. तिथे पायाखालची जमीनच दर मापाला सरकते. आपल्या कानाला स्थिर सा ची सवय, म्हणून जाझ ऐकताना पहिल्यांदा चक्कर आल्यासारखं होतं. 'यांचा सा कुठाय?' असं माझ्या एका भजनी मंडळातल्या मित्राने विचारलं होतं. योग्य प्रश्न होता. बेसच्या मागे गेलं, की सा कसा सरकतो ते कळायला लागतं.

पुढच्या भागात मी आधी चूक कबूल केली, मग हे लेहऱ्याचं सांगितलं, मग त्याच अल्बमचा बेस ऐकू येणारा तुकडा ऐकवला. आणि श्रोत्यांना एक काम दिलं, ते तुम्हालाही देतो. कोणतंही जुनं स्विंग लावा आणि टाळी द्या. आपण सवयीने एक आणि तीनवर देऊ. ती दोन आणि चारवर देऊन बघा. पहिल्यांदा हात अडखळतात. जमलं, की गाणं उड्या मारायला लागतं.

त्या भागानंतर केंद्रावर पहिल्यांदा निरोप आले. थोडेच होते, पण होते.

आता ब्लूज. इथे वेगळा खड्डा आहे आणि त्यातही मी पडलोय.

मी हे टिपण गच्चीवर मोठ्याने बोलून बघतो. आमच्या भिंतीला भिंत लावून एक काकी राहतात, छत्तीसगढी. मी पानभर इतिहास वाचत होतो: अमेरिकेच्या दक्षिणेत कापसाच्या शेतांवर राबणाऱ्या काळ्या माणसांच्या हाका, कामाची गाणी, मग १९२० मध्ये मेमी स्मिथची ध्वनिमुद्रिका, ती खपली तेव्हा कंपन्यांना जाग आली वगैरे. काकी पलीकडून म्हणाल्या, 'तोर गोठ म गाना कहाँ हे, बेटा?' तुझ्या बोलण्यात गाणं कुठाय. (गोठ म्हणजे बोलणं, आपल्या गोष्टीचीच बहीण.) मी कागद ठेवला आणि गाणं लावलं. ब्लूजची नेहमीची बांधणी: एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, मग तिसरीत तिचं उत्तर. काकी दुसऱ्या कडव्याला म्हणाल्या, 'हमर सुआ म घलो अइसने होथे.'

दिवाळीच्या दिवसांत इथे बायका टोपलीत धान आणि मातीचा पोपट ठेवून भोवती टाळ्या देत सुआ गातात. एक गट ओळ म्हणतो, दुसरा तीच परत म्हणतो. मला तर खजिनाच सापडला. लगेच जात्यावरच्या ओव्याही आठवल्या. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्रात गावोगाव फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. काम, बाप, भाऊ, नवरा, देव, सगळं त्यांत आहे. मी लिहून टाकलं: ब्लूज म्हणजे अमेरिकेतली ओवी, ब्लूज म्हणजे सुआ.

काकींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, नाही. सुआ एकटीने नाही गात. ओळ दुसरी बाई परत म्हणते. तुझा तो माणूस स्वतःची ओळ स्वतःच परत म्हणतोय, त्याच्यासोबत कोणी नाही.

बघा, एवढं मला पुस्तकांतून दिसलं नव्हतं. साम्य खरं आहे: ओळ परत आली, की पुढची सुचायला वेळ मिळतो. पण सुआत ओळ परत येते ती मैत्रिणीकडून, आणि ब्लूजमध्ये एकट्या माणसाला गिटारच काय ती उत्तर देते. जात्यावरची ओवी तर श्रोत्यांसाठी नव्हतीच. पहाटे, दगडाच्या फेऱ्याबरोबर. 'हे आपल्यासारखंच आहे' म्हटलं, की ऐकणारा आत येतो, हे खरं. पण तिथेच थांबलं, तर तो आपलंच ऐकून परत जातो.

मालीचे अली फार्का तूरे यांना या तुलनेचा कायम त्रास झाला. जग त्यांना आफ्रिकेतला ब्लूजवाला म्हणायचं. त्यांचं म्हणणं उलट होतं: हे आमच्या नायजर नदीकाठचं संगीत आहे, तुम्ही ज्याला ब्लूज म्हणता त्याचं मूळ इथे आहे. राय कूडरबरोबरचा त्यांचा 'टॉकिंग टिंबक्टू' १९९४ चा, त्याला ग्रॅमी मिळालं, तेही 'वर्ल्ड म्युझिक' या खणात. हा शब्दही गमतीचा आहे. १९८७ च्या उन्हाळ्यात लंडनच्या एका पबमध्ये छोट्या कंपन्यांची माणसं जमली आणि दुकानदाराला हे अल्बम कुठल्या फळीवर ठेवायचे ते कळावं म्हणून त्यांनी हा शब्द नक्की केला. फळीचं नाव होतं ते. त्यात माली आणि मणिपूर शेजारी बसले. २०२० मध्ये ग्रॅमीवाल्यांनी 'वर्ल्ड' काढून 'ग्लोबल' केलं. माझ्या टिपणात मी हा शब्द वापरत नाही. देश, भाषा आणि वाद्य सांगतो.

अली २००६ मध्ये गेले. त्यांचा मुलगा व्यू फार्का तूरे याने टेक्सासच्या ख्रुआंगबिन या त्रिकुटाबरोबर २०२२ मध्ये वडिलांची गाणी नव्याने केली, अल्बमचं नाव 'अली'. माझ्या पाचव्या भागात तो घेतला, कारण त्यात बेस पुढे आहे आणि श्रोत्यांना आता बेस ऐकता येत होता. गिटार मुलाची, गाणं बापाचं, आणि खाली परक्या देशातली बेसवादक बाई दोघांना सांभाळून नेतेय, एवढंच सांगितलं.

सातव्या भागाला 'शक्ती'चा 'धिस मोमेंट' होता. २०२३ चा, पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळालेला. इथे मला वाटलं सगळं सोपं जाईल: झाकिर हुसेन, शंकर महादेवन, 'कट्यार काळजात घुसली'मधले पंडितजी म्हटलं की कोण ओळखणार नाही? पण दोन-तीन वेळा ऐकल्यावर लक्षात आलं, की मी श्रोत्यांना बेसच्या मागे जायला शिकवलंय आणि इथे बेसवादकच नाही. जॉन मॅकलाफलिनची गिटार, गणेश राजगोपालन यांचं व्हायोलिन, सेल्वागणेश यांचा कंजिरा. मग आपण कुठे आहोत हे सांगणार कोण? ताल. म्हणून त्या भागात पुन्हा आपल्या हातावरच्या मात्रांकडे आलो. 'गिरिराज सुधा' ही त्यागराजांची रचना आधी टाळी देत ऐका, मग गिटारवाला त्या टाळीशी कसा खेळतो ते बघा, असं सांगितलं.

आणि हो, जाझ मराठी घरात नवं नाही. पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांनी चाळीस-पन्नासच्या दशकांत हिंदी चित्रपटांत स्विंग आणलं, तेव्हा त्यांच्या ताफ्यात हळदोण्याचा चिक चॉकलेट ट्रम्पेट वाजवत होता. १९५१ च्या 'अलबेला'त, आपल्या भगवानदादांच्या मागे, तो आणि त्याचा वाद्यवृंद पडद्यावरही दिसतो. माझी आजी तो सिनेमा पाहून आली होती आणि आयुष्यात जाझ हा शब्द तिने उच्चारला नाही.

आता माझी पद्धत, ज्यांना करायचं आहे त्यांच्यासाठी. अल्बम तीनदा ऐकतो. पहिल्यांदा काम करता करता, काही न लिहिता. दुसऱ्यांदा हेडफोन लावून, कागदावर मिनिट-सेकंद टिपत: इथे बेस एकटा, इथे गायिका श्वास घेते. तिसऱ्यांदा पुन्हा फोनच्या स्पीकरवर, कारण माझे श्रोते तसंच ऐकणार आहेत आणि कुठला तुकडा तिथेही जगतो ते मला कळायला हवं. कलाकारांची नावं त्यांच्या मुलाखतींतून ऐकून देवनागरीत लिहितो. तारे देत नाही. पाचपैकी साडेतीन म्हणजे काय, हे मला कधी कळलं नाही. आवडलं नाही तर कुठे नाही, ते सेकंदासकट सांगतो, आणि तिसऱ्या भागापासून ते सांगण्याआधी हेडफोन तपासतो.

आठ भाग झाले. बैठक झाली. पुढचे बारा भाग मिळाले, फक्त वेळ दुपारी तीनची केली आहे. तेव्हा काकी झोपलेल्या असतात, त्यामुळे त्यांना टिपण आदल्या दिवशीच ऐकवावं लागतं.