शिळ्या कढीला ऊत

मिटलेला वाद कोणी पुन्हां काढला कीं, ‘शिळ्या कढीला ऊत आणूं नकोस’ असें आपण त्यास सुनावतों. बहुधा तें योग्यच असतें. परंतु प्रत्येक जुन्या वादाला ही म्हण लावावी काय? श्रीशिवछत्रपतींच्या जन्मतिथीच्या वादावरून याचा उलगडा होईल.

बखरींच्या आधारें महाराजांचा जन्म शके १५४९ च्या वैशाखांत, म्हणजे इ. स. १६२७ त झाला, असें पुष्कळ काळ मानीत. लोकमान्य टिळकांनीं १९०० सालीं ‘केसरी’त या तिथीचा ऊहापोह केला, पण बखरी एकमेकींशीं जुळत नव्हत्या. १९१६ सालीं तोच प्रश्न त्यांनीं पुन्हां पुढें आणला, मात्र रिकाम्या हातानें नव्हे. कारीच्या जेधे देशमुखांकडे मिळालेली शकावली, म्हणजे सालवार टिपलेली घडामोडींची यादी, त्यांनीं प्रसिद्ध केली. तींत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी नोंद आहे. इंग्रजी तारीख १९ फेब्रुवारी १६३०.

एका कागदावर विसंबावें कसें? पुढें तंजावरास कवींद्र परमानंदाचें ‘शिवभारत’ हें संस्कृत काव्य सांपडलें व १९२७ सालीं स. म. दिवेकरांनीं तें प्रसिद्ध केलें. परमानंद महाराजांचा समकालीन. त्यानेंही तीच तिथि दिली आहे. एक टिपण मावळांत, एक काव्य दूर तंजावरास, आणि दोहोंचें म्हणणें एक! आपल्या खालापूर तालुक्यांतील उंबरखिंडींत १६६१ सालीं कारतलबखानाची फौज जी कोंडली गेली, तिचें वर्णनही याच काव्यांत आहे. चावणीजवळचें तेथील स्मारक पाहावयास जाणाऱ्या मुलांनीं हें अवश्य ध्यानांत ठेवावें.

म्हणजे जुना वाद उघडणाऱ्यानें दोन गोष्टी कराव्या लागतात: पूर्वीचें म्हणणें वाचावयाचें आणि नवें साधन पुढें ठेवावयाचें. पैकीं पहिलीचा कंटाळा फार जणांना असतो!

तरीही निर्णयास वेळ लागलाच. महाराष्ट्र सरकारनें १९६६ सालीं इतिहासज्ञांची समिति नेमली, आणि १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख सरकारनें २००१ सालीं स्वीकारली. आतां जयंती तिथीनें करावी कीं तारखेनें, यावर दरवर्षीं वाद होतो. तो साधनांचा नव्हे, पंचांगाच्या आवडीचा आहे. त्याला वरील म्हण खुशाल लावावी.