एक जलाशय, तीन धनी : दामोदर खोरे योजनेचा धडा

बहुउद्देशीय योजनांची चर्चा करताना एकाच धरणापासून अनेक लाभ मिळतात, एवढे सांगून थांबण्याचा प्रघात आहे. वस्तुतः हे लाभ एकत्र नांदावेत यासाठी स्थापत्याइतकीच हिशेबाची, अधिकारविभागणीची व भूसंपादनाची तरतूद करावी लागते. दामोदर खोरे योजना हे याचे बोधप्रद उदाहरण होय.

जुलै १९४३ मध्ये दामोदरला आलेल्या पुराने बर्दवानजवळ नदीचा डावा बांध फुटला. लोहमार्ग व ग्रँड ट्रंक रस्ता तुटून ऐन महायुद्धात कलकत्त्याकडील दळणवळण विस्कळित झाले. त्यानंतर नेमलेल्या चौकशी समितीत मेघनाद साहा हे एक सदस्य होते. पुढे अमेरिकेतील टेनेसी खोरे प्राधिकरणाचे अभियंते वूरडुइन यांनी १९४५ मध्ये आराखडा सादर केला. सेकंदास १० लक्ष घनफुटांचा पूर अडवून तो अडीच लक्षांवर आणावा, ही त्यातील मुख्य कल्पना. १९४८ च्या कायद्याने महामंडळ स्थापन झाले, आणि तिलैया (१९५३), कोनार (१९५५), मैथन (१९५७) व पंचेत (१९५९) ही चार धरणे उभी राहिली. आराखड्यातील उरलेली धरणे महामंडळाने बांधली नाहीत.

पूरनियंत्रणासाठी जलाशय पावसाळ्यात रिता हवा; विजेसाठी तो भरलेला हवा; सिंचनासाठी निदान पावसाळा संपताना तरी तो भरलेला हवा. हा विरोध सप्टेंबरात तीव्र होतो, कारण तेव्हा साठाही करावयाचा असतो आणि पुराचे भयही सरलेले नसते.

खर्चाच्या वाटणीचा प्रश्न कायद्याने कुशलतेने सोडविला. एकाच उद्देशासाठी झालेला खर्च त्याच उद्देशाच्या खाती पडे. सामाईक खर्च मात्र, प्रत्येक उद्देशासाठी स्वतंत्र बांधकाम केले असते तर किती खर्च आला असता, या अंदाजाच्या प्रमाणात (त्याच्या खाती आधीच पडलेली रक्कम वजा करून) वाटला जाई. विजेचे भांडवल केंद्र, बिहार व पश्चिम बंगाल यांनी समान द्यावयाचे होते, तर सिंचनाचे दोन राज्यांनी. पूरनियंत्रणाचे १४ कोटी रुपयांपर्यंतचे भांडवल केंद्र व पश्चिम बंगाल यांनी निम्मे निम्मे सोसावयाचे आणि त्यावरील सर्व भार एकट्या पश्चिम बंगालवर होता.

परंतु ज्याची वाटणी आकड्यांनी होत नव्हती, तेथे योजना अडली. पूररक्षणाचा लाभ बंगालच्या सखल भागाला, आणि बुडणारी जमीन मुख्यत्वे तत्कालीन बिहारात. परिणामी मैथन व पंचेत येथे भिंत व दरवाजे ज्या पातळीसाठी योजिले होते, त्या पातळीपर्यंतची जमीन संपादन झालीच नाही. वरच्या पट्ट्यात शेती व वस्ती कायम राहिली. तेथवर पाणी चढवावे तर वरची गावे बुडतात, आणि लवकर सोडावे तर खालची. पुरासाठी योजिलेल्या साठ्याचा एक भाग असा केवळ नकाशात राहिला.

पुढे यंत्रणाही विभागली. १९६४ मध्ये दुर्गापूरचा बंधारा व कालवे पश्चिम बंगालकडे गेले. तेनुघाट धरण बिहारने महामंडळाबाहेर बांधले व त्यात पुरासाठी राखीव साठा ठेवला नाही. विसर्गाचे नियमन करण्यास केंद्रीय जल आयोगाच्या अधिपत्याखालील समिती आहे. परंतु जी जागा संपादनच झाली नाही, ती कोणत्याही समितीला वापरता येत नाही. सप्टेंबर १९७८ च्या महापुरात धरणांनी पुराचा जोर बराच कमी केला, तथापि खालच्या खोऱ्याची हानी टळली नाही.

या इतिहासाचा निष्कर्ष असा की, वीज विकली जाते, पाण्यावर पट्टी आकारता येते, पण न आलेल्या पुराचे देयक कोणाच्या नावे काढता येत नाही. ज्या उद्देशाला स्वतःचे उत्पन्न नाही, त्याचा वाटा सर्वांत आधी आटतो. म्हणून अशा योजनेच्या अभ्यासकाने प्रत्येक उद्देशासाठी तीन गोष्टी तपासाव्यात : जलाशयात त्याची जागा किती, ती जमीन संपादित आहे काय, आणि संकटसमयी त्याच्या वतीने आज्ञा देण्याचा अधिकार कोणाला. यांपैकी एक जरी नसली, तरी तो उद्देश केवळ योजनेच्या उद्देशपत्रिकेतच राहतो.