स्वीडिश वाक्यातली दुसरी जागा

परकी भाषा शिकायला बसलेला मराठी माणूस आधी क्रियापदांच्या आणि विभक्तींच्या तक्त्यांना भिडतो. शाळेत संस्कृत शिकताना लागलेली ती सवय असते. स्वीडिश भाषेत मात्र हे तक्ते जवळजवळ हाती लागत नाहीत. मराठीत मी आहे, तू आहेस, आम्ही आहोत, ते आहेत अशी रूपे बदलत जातात. स्वीडिशमध्ये या सगळ्यांना एकच रूप पुरते: याग एर, द्यू एर, वी एर. (उच्चार देवनागरीत जवळपास उतरवले आहेत.) लेखी स्वीडिशमध्ये अनेकवचनाची वेगळी क्रियापदे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकून होती. 1945 साली तिथल्या प्रमुख वृत्तसंस्थेने ती सोडली आणि हळूहळू ती छापील मजकुरातून गेली. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांतला आदराचा भेदही 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून मावळत गेला. आज विद्यार्थी प्राध्यापकालाही ‘द्यू’ म्हणतो. एवढे पाहून ही भाषा सोपी आहे असा निष्कर्ष निघतो, पण तो अर्धाच खरा आहे. मराठी जे काम प्रत्ययांकडून आणि ‘का’, ‘तर’ अशा छोट्या शब्दांकडून करून घेते, त्यातले बरेचसे स्वीडिश भाषा वाक्यातल्या जागेकडून करून घेते. म्हणून शब्दसंग्रह वाढवण्याच्या आधी नवशिक्याने वाक्यातल्या जागा शिकाव्यात, असे माझे म्हणणे आहे.

मूळ नियम एका ओळीत मावतो: साध्या विधानात कालदर्शक क्रियापद दुसऱ्या जागेवर असते. ‘याग द्रिकेर काफे इदाग’ म्हणजे ‘मी आज कॉफी पितो’. ‘याग’ म्हणजे मी, ‘द्रिकेर’ म्हणजे पितो, ‘इदाग’ म्हणजे आज. आता ‘आज’ पुढे आणायचा असेल तर वाक्य ‘इदाग द्रिकेर याग काफे’ असे होते. ‘आज’ पहिल्या जागेवर बसला, क्रियापद दुसरीवरून हलले नाही आणि कर्त्याला मागे सरकावे लागले. कॉफीवर भर द्यायचा असेल तर ‘काफे द्रिकेर याग’. मराठीत ‘आज मी कॉफी पितो’, ‘कॉफी मी आज पितो’ असे शब्द हवे तसे फिरतात आणि क्रियापद बहुतेक वेळा शेवटी थांबते. स्वीडिशमध्ये पुढे काय आणायचे याचे स्वातंत्र्य आहे, पण क्रियापदाची जागा सुटत नाही. इथे जागा म्हणजे एक शब्द नव्हे, एक घटक. ‘कुत्रा घेऊन आलेला तो म्हातारा माणूस’ एवढा लांब शब्दसमूहही एकच जागा घेतो. ‘मी घरी आलो की’ असे अख्खे गौण वाक्य पुढे आले तरी तीही एकच जागा, आणि लगेच त्यामागे मुख्य वाक्याचे क्रियापद. सहायक क्रियापद असेल तर दुसऱ्या जागेवर तेवढेच येते: ‘इमॉरॉन स्का याग ओका तिल उप्साला’, उद्या मी उप्सालाला जाणार आहे. ‘स्का’ दुसरीवर, ‘जाणे’ या अर्थाचे ‘ओका’ कर्त्याच्या मागे. भारतीय कानाला ही रचना सर्वस्वी अनोळखी आहे असेही नाही. काश्मिरी भाषेत साध्या वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागेवर येते, आणि आपल्या देशातल्या भाषांमध्ये हे तिचे वेगळेपण मानले जाते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: इंग्रजी येत असेल तर स्वीडिश आपोआप येईल, त्यासाठी नियम कशाला घोकायचे? शब्दांपुरते ते काहीसे खरे आहे, कारण दोन्ही भाषा जर्मानिक कुळातल्या आहेत आणि कित्येक शब्द ऐकताक्षणी ओळखू येतात. पण वाक्याच्या मांडणीत इंग्रजीच जास्त दगा देते. इंग्रजीत ‘टुडे’ पुढे आणला तरी त्यामागे कर्ता आणि मग क्रियापद, म्हणजे क्रियापद तिसऱ्या जागेवर जाते. जुन्या इंग्रजीत दुसऱ्या जागेचा हा नियम बऱ्याच अंशी होता. आज त्याचे अवशेष ‘नेव्हर’ने सुरू होणाऱ्या वाक्यांत दिसतात. त्यामुळे इंग्रजीच्या आधाराने बोलणारा माणूस ‘इदाग याग द्रिकेर’ असे म्हणून मोकळा होतो. उलट काही ठिकाणी मराठीच जवळची ठरते. ‘तो आपल्या बायकोवर प्रेम करतो’ आणि ‘तो त्याच्या बायकोवर प्रेम करतो’ या वाक्यांत मराठी कान फरक करू शकतो. स्वीडिशमध्येही पहिल्या अर्थी ‘सीन फ्रू’ आणि दुसऱ्या कुणाची बायको असेल तर ‘हान्स फ्रू’ म्हणावे लागते. इंग्रजीला दोन्हीकडे एकच शब्द वापरावा लागतो. हा भेद शिकवताना मराठी विद्यार्थ्यासमोर ‘आपला’ आणि ‘त्याचा’ हीच जोडी ठेवावी.

जागेवर अर्थ किती अवलंबून आहे, ते क्रियापद दुसरीवरून पहिलीवर आणले की कळते. ‘द्यू द्रिकेर काफे’ हे विधान आहे, ‘द्रिकेर द्यू काफे’ हा प्रश्न. मराठीत आपण शेवटी ‘का’ जोडतो किंवा सूर चढवतो. स्वीडिशमध्ये क्रियापद पुढे येणे हीच प्रश्नाची खूण आहे. हीच खूण अटीसाठीही वापरतात. ‘रेंग्नार दे इमॉरॉन, स्तानार वी हेमा’ याचा अर्थ ‘उद्या पाऊस पडला तर आपण घरीच थांबू’. ‘तर’ या अर्थाचा शब्द वाक्यात कुठेच नाही; पहिल्या तुकड्यात क्रियापद आघाडीवर आहे आणि तेवढ्यावर अट कळते. त्यातला ‘दे’ हा कोणीच नसलेला कर्ता आहे. पाऊस पडण्याला करणारा कोण, हा प्रश्न स्वीडिश व्याकरण विचारत नाही, पण कर्त्याची जागा रिकामी ठेवू देत नाही. मराठीत नुसते ‘आलोच’ म्हटले की बोलणारा ‘मी’ आहे हे प्रत्ययावरून कळते. ‘द्रिकेर’मध्ये मी, तू, तो काहीच दडलेले नाही, म्हणून कर्ता उच्चारावाच लागतो. नामांच्या बाबतीतही तेच. ‘कुत्र्याने माणसाला चावा घेतला’ हे वाक्य उलटसुलट केले तरी ‘ने’ आणि ‘ला’ अर्थ सांभाळतात. ‘हुंदेन बीतेर मानेन’मध्ये कुत्रा चावतो, ‘मानेन बीतेर हुंदेन’मध्ये सामान्यतः माणूस चावतो असेच ऐकले जाईल. हान आणि हॉनॉम, म्हणजे तो आणि त्याला, असा भेद सर्वनामांत तेवढा उरला आहे.

दुसरा नियम गौण वाक्याचा आणि माझ्या मते तोच खरी परीक्षा घेतो. ‘तो कॉफी पीत नाही’ म्हणजे ‘हान द्रिकेर इन्ते काफे’; नकाराचा ‘इन्ते’ क्रियापदानंतर. पण ‘तो कॉफी पीत नाही हे मला माहीत आहे’ असे म्हणायचे झाले की ‘याग वेत आत हान इन्ते द्रिकेर काफे’. ‘आत’ म्हणजे ‘की’. त्यामागच्या वाक्यात ‘इन्ते’ क्रियापदाच्या आधी येतो. स्वीडनमधल्या वर्गांत हा नियम चार अक्षरांचे एक संक्षिप्त नाव देऊन पाठ करून घेतात. जर्मन शिकलेल्यांनी इथे सावध राहावे: जर्मनमध्ये अशा वाक्यात क्रियापद शेवटी जाते, स्वीडिशमध्ये जात नाही, फक्त नकार पुढे येतो. मराठीतही याच्या जवळचे काही आहे. आपण ‘तो आला नाही’ म्हणतो, पण ‘तो न आल्यामुळे’. दुसऱ्या वाक्याला जोडताना नकार क्रियापदाच्या पुढे येतो. दोन्ही भाषांची यंत्रणा वेगळी आहे, तरी मराठी माणसाला हा बदल अनैसर्गिक वाटण्याचे कारण नाही. डॅनिश भाषापंडित पाउल डिडरिक्सन यांनी 1946 च्या आपल्या डॅनिश व्याकरणात वाक्य म्हणजे ठरलेल्या रकान्यांची मालिका अशी मांडणी केली आणि ती स्वीडिशच्या अध्यापनातही रुजली. रकाने आखून वाक्य भरण्याची ती रीत आजही नवशिक्याला सगळ्यात लवकर पुढे नेते.

एक आक्षेप अभ्यासकांकडून येऊ शकतो. आइसलँडिकमध्ये विभक्ती आणि क्रियापदांचे प्रत्यय भरपूर शिल्लक आहेत, तरी तिथेही क्रियापद दुसऱ्याच जागेवर असते. मग प्रत्यय झिजले म्हणून जागेला महत्त्व आले, हे कसे? आक्षेप बरोबर आहे. दुसऱ्या जागेचा नियम प्रत्ययांच्या झिजण्यातून जन्मला असे म्हणता येत नाही. तो या भाषांचा जुना वारसा आहे. म्हणणे एवढेच की आइसलँडिकमध्ये त्या नियमाच्या जोडीला प्रत्ययांचा आधार आहे, स्वीडिशमध्ये तो आधार बराच गेला आणि ओझे जागेवर अधिक आले. शिकणाऱ्याला भाषेच्या इतिहासापेक्षा हे आजचे ओझे कुठे आहे ते महत्त्वाचे.

लिंगांचे काय, असे विचारले जाईल. स्वीडिशमध्ये दोन लिंगे आहेत, ‘एन’ शब्द आणि ‘एत’ शब्द; ढोबळमानाने चारांतले तीन ‘एन’ गटातले. ‘एन बील’ एक मोटार, ‘बीलेन’ ती ठरावीक मोटार; ‘एत ह्यूस’ एक घर, ‘ह्यूसेत’ ते घर. निश्चितता नामाच्या शेवटी चिकटते. विशेषण आले की ती दोनदा दाखवावी लागते: ‘देन स्तूरा बीलेन’, ती मोठी मोटार. हे सगळे पाठ करावे लागते, त्याला पळवाट नाही. पण खुर्ची स्त्रीलिंगी आणि टेबल नपुंसकलिंगी का, असे न विचारता वाढलेल्या मराठी माणसाला या प्रकाराची धास्ती नसावी. शिवाय लिंग चुकले तरी बहुतेक वेळा अर्थ चुकत नाही.

मग क्रम चुकला तरी लोक समजून घेतीलच की? ‘इदाग याग द्रिकेर’ म्हटले तर नक्कीच समजून घेतील. स्टॉकहोमच्या रिंकेबी उपनगरातल्या बहुभाषिक तरुणांच्या बोलीत असा क्रम ऐकू येतो. 1980 च्या दशकात उल्ला-ब्रिट कोत्सिनास यांनी त्या बोलीचा गांभीर्याने अभ्यास केला, तिला मोडकी भाषा म्हणून बाजूला सारले नाही. ती दृष्टी योग्यच होती. पण त्या तरुणांचा क्रम त्यांच्या गटाची ओळख सांगतो आणि त्यांच्यापैकी अनेकांना प्रमाण क्रमही येतो. नवशिक्यापाशी हा पर्याय नसतो. नोकरीचा अर्ज, परीक्षा, पालकसभा अशा ठिकाणी त्याला प्रमाण क्रम लागतो, आणि प्रश्न व अट यांत तर जागा चुकली की अर्थच बदलतो. म्हणून पहिल्या महिन्यात नवे शब्द थोडे कमी शिकलात तरी चालेल. रोज पाच साधी वाक्ये घ्या आणि प्रत्येक वाक्य काळाने, स्थळाने आणि कर्माने सुरू करून पुन्हा लिहा. मग त्याचा प्रश्न करा आणि शेवटी ‘याग वेत आत’च्या मागे जोडून नकारासह लिहा.