उपवास आणि नित्याची औषधे



एकादशी, श्रावणी सोमवार, संकष्टी हे उपवास आपल्या घराघरांतून श्रद्धेने पाळले जातात. उपवास करणाऱ्यांत वडीलधारी मंडळी अधिक, आणि मधुमेह व रक्तदाबाची नित्याची औषधे घेणारीही बहुधा तीच. "आज उपवास, म्हणून गोळी नको" असे म्हणणारे जसे आढळतात, तसेच पोटात अन्नाचा कण नसताना सवयीने गोळी घेणारेही आढळतात. धोका दोन्हींत आहे.

प्रथम शास्त्राची शंका. व्रतभंग न करणाऱ्या आठ गोष्टी धर्मशास्त्रात सांगितल्या आहेत. जल, मूळ, फळ, दूध, हविर्द्रव्य, ब्राह्मणाची इच्छा व गुरुवचन यांच्याबरोबर औषधाचाही त्यांत स्पष्ट उल्लेख आहे. गोळीने उपवास मोडतो ही समजूत त्यामुळे निराधार ठरते.

मधुमेहाची सर्व औषधे मात्र एकसारखी नाहीत. केवळ मेटफॉर्मिन चालू असेल तर साखर फार खाली जाण्याची भीती थोडी. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्या व इन्सुलिन यांचे तसे नाही. अन्न मिळो न मिळो, ती साखर उतरवीतच राहतात. सकाळी अशी गोळी घेऊन संकष्टीच्या चंद्रोदयापर्यंत उपाशी राहणाऱ्यास सायंकाळी घाम सुटतो, हात थरथरतात, छातीत धडधडते, बोलण्यात गोंधळ होतो. रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेल्याची ही लक्षणे होत. अनेकदा एकाच गोळीत दोन-तीन औषधे एकत्र असतात. म्हणून वेष्टनावरील घटक अवश्य वाचावेत.

डापाग्लिफ्लोझिन व एम्पाग्लिफ्लोझिन या अलीकडे बऱ्याच जणांना दिल्या जाणाऱ्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात व तिच्याबरोबर पाणीही जाते. हरताळकेसारख्या निर्जळी उपवासात शरीर कोरडे पडते, आणि साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचण्याचा गंभीर विकार संभवतो. रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी गोळी घेणाऱ्यांनीही निर्जळी उपवास टाळावा.

मात्रा स्वतःच्या मनाने अर्धी करू नये. उपवासाच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना भेटून कोणती गोळी केव्हा व किती घ्यावी हे विचारून ठेवावे. टाइप १ मधुमेहात इन्सुलिन पूर्णपणे कधीच बंद करता येत नाही. अपस्माराची गोळी एक दिवस चुकली तरी झटका येऊ शकतो.

फराळाविषयीही थोडे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. दिवसभर उपाशी राहून रात्री थाळीभर खिचडी खाल्ल्यास साखर झपाट्याने चढते. सैंधवही मुख्यत्वे मीठच आहे, रक्तदाबाच्या रुग्णाने ते सढळ हाताने घेऊ नये. शहाळ्याचे पाणी आपल्याकडे उपवासाचे अमृत मानले जाते, परंतु त्यात पोटॅशियम विपुल असते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी, तसेच स्पायरोनोलॅक्टोन, रामिप्रिल अथवा टेल्मिसार्टन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच ते प्यावे. कारल्याचा रस वा मेथीची पूड "घरगुतीच आहे" म्हणून निर्धास्तपणे घेतली जाते. गोळीच्या जोडीला ती साखर आणखी उतरवू शकते, हेही डॉक्टरांच्या कानावर घालावे.

दर्शनाच्या रांगेत कोणास घाम फुटून तो असंबद्ध बोलू लागला, तर थकवा आला अथवा अंगात आले असे मानून वाट पाहू नये. शुद्धीवर असल्यास तीन-चार चमचे साखर वा ग्लुकोज पाण्यातून द्यावे, पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्यावे, आणि त्या दिवसाचा उपवास तेथेच सोडवावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात तीर्थदेखील घालू नये. कुशीवर निजवून १०८ वर दूरध्वनी करावा. मधुमेही भाविकांनी साखरेची पुडी व औषधांची चिठ्ठी जवळ बाळगूनच रांगेत उभे राहावे, ही नम्र विनंती.